नळीजोगी दारू

पिस्तुलाचं रिकामं काडतूस पुन्हा भरायचं असेल, तर त्यासाठी सगळ्यात चांगली दारू कोणती? बंदुकीची आवड असलेला माणूस हे पहिल्या भेटीतच विचारतो आणि जाणकार त्यावर उलटे प्रश्न करत सुटतो. नळी किती लांब? गोळी किती जड? पुंगळीचं पोट केवढं? नेम कागदावर धरायचा की लोखंडी पाटीवर? विचारणाऱ्याला वाटतं, गडी टाळतोय. तो टाळत नसतो. सरसकट चांगली अशी दारूच नसते. अमुक नळीला, अमुक गोळीला जोगी दारू असते. पुढचं सगळं पुस्तक या एका वाक्याचा विस्तार आहे. त्यामागचा इतिहास, शास्त्र आणि कायदा यांची तोंडओळख करून देणं एवढंच या प्रस्तावनेचं काम.

विषय आडवळणाचा वाटेल, पण कोल्हापूरला तो परका नाही. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये तेजस्विनी सावंत यांनी सुवर्ण जिंकलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात राही सरनोबत यांनी सुवर्ण मिळवलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य पटकावलं. या तिघांची जिद्द, सराव, घरच्यांनी काढलेल्या खस्ता यांवर भरपूर लिहून आलं आणि ते योग्यच झालं. पण पितळी पुंगळीतल्या चिमूटभर दाण्यांची दखल सहसा कुणी घेत नाही. पदक माणसाला मिळतं, दारूला नव्हे, हे खरं. तरी दाणे दर वेळी एकसारखे जळले नाहीत, तर नेमबाजाने रोखून धरलेला श्वासही वाया जातो.

बंदुकीतली दारू फुटत नाही, जळते. इथूनच समज सुरू व्हायला हवी. ट्रिगर ओढला की पिन प्रायमरवर, म्हणजे पेट देणाऱ्या टोपीवर, आदळते, प्रायमरची ज्वाळा दाण्यांना लागते, दाण्यांचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे रेटतो. चार-पाच इंचांच्या नळीतून गोळी बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग पुरेसा होतो. तेवढ्या अवधीत जे जळलं ते कामी आलं. बाकीचं नळीच्या तोंडाशी ज्वाळा होऊन उडतं, किंवा अर्धकच्च्या दाण्यांच्या रूपाने आत चिकटून राहतं. उलट दारू गरजेपेक्षा घाईची असेल, तर गोळी जेमतेम जागची हलते तोवर दाब शिगेला पोचतो आणि तो पितळाला, पोलादाला आणि प्रसंगी धरणाऱ्या हाताला सोसावा लागतो.

गुऱ्हाळात हा फरक डोळ्यांनी दिसतो. चुलवाणात वाळली चिपाडं टाकली की लगेच भडका होतो आणि तितक्याच लवकर विरतो. जाड ओंडका उशिरा पेटतो, पण धग धरून ठेवतो. काहिलीतल्या रसाला केव्हा काय हवं हे गुळव्याला कळतं आणि जळण घालणारा त्याच्या शब्दावर चालतो. पिस्तुलाची आखूड नळी चिपाडं मागते, रायफलची लांब नळी ओंडका मागते. रसायन तेच असलं तरी दाण्याचा आकार, जाडी आणि त्यावरचा लेप बदलला की जळण्याची चाल बदलते. दारूच्या निवडीचं अर्धं शास्त्र एवढ्यात आलं.

ही जाण आजकालची नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूच्या जमान्यातही तोफेची दारू जाड दाण्याची, बंदुकीची त्याहून बारीक आणि कानात, म्हणजे बत्तीच्या भोकात, घालायची रंजक सगळ्यांत बारीक असे. नुसत्या पुडीचा भरवसा नसे. तीच ओलवून, दाबून, दाणे पाडून चाळली की एका चालीने जळे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या थॉमस रॉडमन यांनी मोठ्या तोफांसाठी आरपार भोकं असलेले दाणे करवले. असा दाणा बाहेरून झिजताना त्याचं जळतं क्षेत्र कमी होतं, पण भोकं आतून रुंदावत जातात आणि ती घट भरून काढतात. त्यामुळे सुरुवातीचा दणका सौम्य होतो आणि रेटा पुढे टिकतो. आजच्या रायफलच्या दारूतले नळकांड्यासारखे दाणे याच विचारातून आलेले आहेत.

दारू निवडण्याआधी ती राखता यायला हवी, आणि याविषयीचं मराठीतलं फार नेमकं लिखाण कोल्हापूरच्या गादीच्याच आश्रयाने झालं. पन्हाळा राजधानी असताना, छत्रपती संभाजी दुसरे यांच्या कारकिर्दीत, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. गडांच्या व्यवस्थेत त्यांनी दारूखान्याला स्वतंत्र जागा दिली आहे. तो राहत्या घरांपासून लांब असावा, भोवती निर्गुडीसारखं कुंपण आणि आवाराला कोट असावा, आत तळघर करून माचावर दारूची मडकी ठेवावीत आणि सर्दी लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. पहारा रात्रंदिवस असावा आणि परवानगीवाचून आसपास माणूस फिरकू नये. पावसाळ्यासाठी तोफांना तेल-मेण द्यावं आणि त्यांचे काने मेणाने भरावेत, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. पुढे अमात्य घराण्याची जहागीर राहिलेल्या गगनबावड्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला या काळजीचं मर्म वेगळं सांगायला नको. काळी दारू ओल धरते आणि ओलावलेली दारू ऐन वेळी दगा देते.

अमात्यांच्या सूचनांपैकी एक सोडून बाकीच्यांचं सार आजही लागू आहे. जी लागू नाही ती म्हणजे ऊन देण्याची. त्याला कारण १८४६ साली घडलं. बाझेलमध्ये क्रिस्टियान शोनबाइन यांनी कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवलं. ते इतकं तडाख्याने जळे की बंदुकीच्या कामाचं नव्हतं. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी ते द्रावकात मळून, लाटून, त्याचे तुकडे पाडले आणि पहिली यशस्वी धूरविरहित दारू तयार झाली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट केलं आणि १८८९ मध्ये ब्रिटिशांचं कॉर्डाइट आलं. पुढे नीलगिरीतल्या अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना निघाला. नुसत्या नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली ती सिंगल बेस, जोडीला नायट्रोग्लिसरीन असेल तर डबल बेस, ही आजच्या दारूची मुख्य घराणी.

ही दारू बरणीत पडल्या पडल्याही अगदी सावकाश विघटित होत असते. तिला आवर घालण्यासाठी डायफेनिलअमीनसारखं स्थिरक मिसळलेलं असतं. ते संपत आलं की विघटनाचा वेग वाढतो, आणि उष्णता या सगळ्याला घाई करते. म्हणून आजच्या दारूला ऊन दाखवणं म्हणजे तिचं आयुष्य घटवणं. तूलाँच्या बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबर्ते’ या फ्रेंच युद्धनौका उडाल्या, त्याचा दोष अशा बिघडलेल्या दारूकडेच जातो. डबा उघडताच उग्र आंबट वास आला, तांबूस वाफ किंवा गंजासारखी पूड दिसली, तर तिचा मोह धरू नये. दारू मूळ डब्यात, घट्ट झाकणाखाली, थंड आणि कोरड्या जागी असावी. दुसऱ्या बरणीत ओतून वर हाताने चिठ्ठी लावणं हा अपघाताला आवतण देण्याचा प्रकार आहे.

आता निवडीकडे येऊ. दारूच्या उत्पादकांची तुलनात्मक कोष्टकं असतात; त्यांत सगळ्यात घाईची दारू वर आणि सावकाश जळणारी खाली असते. फिनलंडच्या व्हिहटावुओरीची एन ३०० मालिका मुख्यतः पिस्तुलांसाठी आणि एन १०० रायफलींसाठी आहे. मालिकेतला आकडा वाढेल तशी दारू मंद. अमेरिकेतली बुल्सआय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लक्ष्यवेधी पिस्तूलवाल्यांच्या पसंतीला उतरली आहे. पण असं कोष्टक म्हणजे वर्गातला क्रमांक. पहिल्या आणि दुसऱ्या मुलाच्या गुणांत किती अंतर आहे हे त्यावरून कळत नाही. कोष्टकात शेजारी बसलेल्या दोन दारू एकमेकींच्या जागी त्याच मापाने भरता येत नाहीत. या एका गैरसमजाने अनेक पिस्तुलांचा चुराडा केला आहे.

दुसरी बाब पुंगळीच्या पोटाची. पॉइंट थर्टीएट स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या हिशेबाने मोकळ्या पोटाचं. पॉइंट थर्टीटू स्मिथ अँड वेसन लाँग १८९६ चं. नऊ मिलिमीटर पॅराबेलम विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, धूरविरहित दारूसाठीच घडलं. त्याचं पोट आटोपशीर आणि चालण्याचा दाब कितीतरी जास्त. मोकळ्या पोटात घाईच्या दारूचं छोटं माप टाकलं की ते तळाशी पसरतं. पुंगळी आडवी आहे की उभी, यावरही मग ज्वाळेची पकड बदलते. त्याहून घातक म्हणजे चुकून दुसरं माप पडलं तरी ते आत निवांत मावतं, वरून काही कळत नाही.

म्हणून काम करणारे एक सवय लावून घेतात. रिकाम्या पुंगळ्या लाकडी फळीच्या खाचांत तोंड वर करून ओळीने उभ्या केलेल्या असतात. सगळ्यांत माप टाकून झाल्यावर, एकही गोळी बसवायच्या आधी, फळीवर तिरपा टॉर्च धरायचा आणि प्रत्येक तोंडात डोकावायचं. राखी-काळ्या, ग्रॅफाइटने चकाकणाऱ्या पापुद्र्यांची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एखादीत ती वर आली असेल, एखादीत तळ दिसत असेल, तर ती पुंगळी रिकामी करून नव्याने भरायची. दारू अजिबात न पडलेली पुंगळीही साधी नव्हे. प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवायचा, हा दुसरा दंडक. काम करताना गप्पा नाहीत, मोबाइल नाही.

माप ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. पिस्तुलाच्या काडतुसाचा कारभार अशा मोजक्या ग्रेनांत चालतो. दशांशाचा फरकही दाबात उमटतो. म्हणून माप पडण्याचा सारखेपणा हा निवडीतला मोठा मुद्दा. बारीक गोल दाणे मापातून पाण्यासारखे उतरतात, मोठे पापुद्रे अडखळतात. हवामान हा आणखी एक मुद्दा. काही दारू मे महिन्यातल्या तापलेल्या रेंजवर एक वागतात आणि श्रावणातल्या गारव्यात दुसरं. स्वयंचलित पिस्तुलात भार फार हलका ठेवला तर स्लाइड पुरती मागे येत नाही. २५ मीटर सेंटरफायर प्रकारात कागदावर स्वच्छ गोल भोक पाडणाऱ्या सपाट तोंडाच्या गोळ्या वापरतात. तिथे वेगाची हौस नसते, हव्या असतात हलका झटका आणि एकसारखेपणा. कोल्हापूरला जोराचं कौतुक फार. पण या कामात जोर दुय्यम आणि मेळ महत्त्वाचा.

ज्या प्रकारांत इथल्या नेमबाजांनी नाव कमावलं, त्यांतलं काडतूस मात्र पॉइंट टूटू रिमफायर. ते पुन्हा भरता येत नाही. त्याला वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेत असतं आणि पिन तीच कड चेपते. मग या नेमबाजाला दारू निवडायला वाव उरतो कुठे? उरतो, फक्त वेगळ्या दाराने. बर्मिंगहॅमची एली, जर्मनीत शोनेबेकला रिमफायर काडतुसं बनवणारी लापुआ, यांच्या एकाच प्रतीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट निघतात. दारू, प्रायमर, शिसं यांतल्या बारीक फरकांमुळे एक लॉट एका नळीला मानवतो, दुसरीला मानवत नाही. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली बॅरल चाचणी केंद्रात नेऊन, घट्ट आवळून, लॉटमागून लॉट झाडून बघतात. ज्याची भोकं एकमेकांत सगळ्यात जास्त मिसळतात तो उचलतात. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर पहिल्यांदा पिस्तूल हातात धरणाऱ्या मुलामुलींना हे लगेच लागणार नाही, पण एक दिवस लागेल.

जिल्ह्याच्या पश्चिमेला दारूचा आणखी एक संसार आहे. दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडे गवे आणि रानडुकरं मात्र उसात-भातात येतच राहतात. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. मापाने काळी दारू ओतायची, गजाने ठासायची, निपलवर टोपी बसवायची, अशी ती बंदूक. तिच्याबाबत एकच गोष्ट ठळक अक्षरांत सांगण्यासारखी आहे : काडतूस फोडून काढलेली धूरविरहित दारू तिच्यात कधीही घालू नये. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर कितीतरी पट शक्ती भरली जाते आणि नळी फाटते. नळीजोगी दारू हा नियम इथे थेट हात-डोळे वाचवतो.

कायद्याच्या बाबतीत आपल्याकडे बराच गोंधळ आहे. अमेरिकेत धूरविरहित दारूचे डबे दुकानात मांडलेले असतात. तिथे राहणाऱ्या मराठी घरांतल्या एखाद्याने गॅरेजात काडतुसं भरण्याचं यंत्र बसवलं तर शेजाऱ्यांना त्याचं अप्रूप नसतं. भारतात तसं नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २ मधल्या ‘दारूगोळा’ या व्याख्येत बंदुकीचे भार येतात, काडतुसाचे सुटे भाग येतात आणि काडतुसं बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून काडतूस घरी भरता येईल, हा हिशेब चुकीचा आहे आणि तुरुंगापर्यंत नेणारा आहे.

आपल्याकडची दारू आणि काडतुसं प्रामुख्याने सरकारी कारखान्यांतून आली. खडकीचा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडावरची केएफ ही अक्षरं त्याचीच. वरणगावची ओएफव्ही. भंडाऱ्याचा कारखाना दारू आणि स्फोटकांचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे तिन्ही पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचा बळी गेला. प्रशिक्षित माणसं, ठरलेली शिस्त आणि भक्कम भिंती असूनही हे घडतं, हे घरगुती प्रयोगाची खुमखुमी असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

तर हे पुस्तक कुणासाठी? नेमबाजीत उतरलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी, पीकसंरक्षणाची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यासाठी, परदेशात हा छंद रीतसर करणाऱ्यासाठी, आणि गडावरच्या तोफेपाशी उभं राहून ती चालायची कशी असं विचारणाऱ्यासाठी. यात कुठल्याही दारूचं भरण्याचं माप दिलेलं नाही. ते माप दारू, गोळी, पुंगळी आणि प्रायमर या चौघांच्या जोडणीवर ठरतं, उत्पादक ते वेळोवेळी सुधारतात, आणि जुन्या पुस्तकातला आकडा नव्या डब्याला लावणं धोक्याचं असतं. ज्याला भरण्याचा परवाना आहे त्याने उत्पादकाचं चालू कोष्टक उघडावं, त्यातल्या आरंभीच्या मापापासून सुरुवात करावी आणि कमाल आकड्याला गाठायचं लक्ष्य समजू नये. ते कोष्टक समजून वाचता यावं, इतकी तयारी पुढची प्रकरणं करून देतील. क्रम शास्त्र, साठवण, निवड आणि कायदा असा आहे. भारतातल्या वाचकाने मात्र कायद्याचं प्रकरण आधी वाचावं आणि मग पहिल्या पानाकडे वळावं.